तळघरात न झालेले ध्वनिमुद्रण
‘द बँड’ या रॉक संगीतगटाचा ‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’ हा पहिला अल्बम अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळच्या ‘बिग पिंक’ नावाच्या गुलाबी घराच्या तळघरात ध्वनिमुद्रित झाला, असे आजही सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. १९६७ साली त्या तळघरात या मंडळींनी गायक-गीतकार बॉब डिलनसोबत जी गाणी टेपवर उतरवली ती निराळी. त्यांतली काही १९७५ साली ‘द बेसमेंट टेप्स’ या नावाने अधिकृतपणे बाहेर आली. जुलै १९६८ मध्ये प्रकाशित झालेला ‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’ मात्र निर्माते जॉन सायमन यांच्या देखरेखीखाली न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस येथील व्यावसायिक स्टुडिओंत तयार झाला.

गैरसमजाचा निम्मा दोष शीर्षकाचा, आणि उरलेला, माझ्या मते, खुद्द वादनाचा आहे. तळघरातल्यासारखेच एकमेकांकडे पाहत वाजवता यावे, म्हणून वादक स्टुडिओतही जवळजवळ बसले. त्यामुळेच त्यातल्या ‘द वेट’ या गाण्यात गटातले लेव्हॉन हेल्म यांचा आवाज थांबतो न थांबतो तोच त्यांचे सहकारी रिक डँको कडवे उचलतात, तेव्हा आपण त्याच खोलीत बसलो आहोत असे वाटते, आणि हा अल्बम आजही पुन्हापुन्हा ऐकावासा वाटतो.