हिवतापाचा परजीवी पेशीत शिरतो कसा? एका प्रश्नाला वाहिलेली कारकीर्द

पावसाळा ओसरू लागला, की ठाण्यातल्या पॅथॉलॉजी लॅबच्या अहवालांवर ‘प्लास्मोडियम व्हायव्हॅक्स’ हे हिवतापाच्या एका परजीवीचे नाव दिसू लागते. घोडबंदर रस्त्यालगतची बांधकामे, गच्चीवरच्या नीट न झाकलेल्या टाक्या, महिनोन्‌महिने न उपसलेली कारंजी, अशा ठिकाणच्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात ‘ॲनॉफिलिस स्टीफेन्सी’ हा शहराला सरावलेला डास अंडी घालतो. रुग्णाच्या रक्ताची रंगवलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर परजीवी शिरलेली तांबडी पेशी शेजारच्या पेशींपेक्षा फुगलेली दिसते, तिच्यात बारीक गुलाबी ठिपके विखुरलेले असतात आणि मधोमध वेडावाकडा परजीवी पसरलेला असतो. निदानाला एवढे पुरते. परंतु परजीवी त्या पेशीत शिरला कसा, हे काचपट्टी सांगत नाही.

डॉ. लुई मिलर या अमेरिकी वैद्यक-संशोधकाने आपल्या कारकिर्दीचा मोठा भाग याच प्रश्नाला दिला. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुसंख्य लोकांना व्हायव्हॅक्स हिवताप होत नाही, हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. कारण मात्र कळत नव्हते. याच लोकसमूहांमध्ये तांबड्या पेशींवरचे ‘डफी’ नावाचे प्रथिन बहुधा नसते. मिलर यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली. व्हायव्हॅक्स प्रयोगशाळेत वाढवता येत नसल्याने त्यांनी त्याचा जवळचा नातलग, माकडांमध्ये हिवताप निर्माण करणारा ‘नोलेसी’ हा परजीवी वापरला. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत हा परजीवी डफी नसलेल्या मानवी पेशींना चिकटत होता, पण आत शिरू शकत नव्हता. पुढच्याच वर्षी, पूर्वी व्हायव्हॅक्सबाधित डासांचे चावे घेतलेल्या १७ स्वयंसेवकांचे रक्तगट त्यांनी तपासले, तेव्हा संसर्गापासून वाचलेले पाचही जण डफी-निगेटिव्ह, म्हणजे पेशींवर डफी नसलेले, निघाले. एवढ्या लहान संख्येवरून एवढा ठाम निष्कर्ष काढता येण्याचे भाग्य जीवशास्त्रात क्वचितच लाभते. भारतात डफी-निगेटिव्ह व्यक्ती अगदी विरळ आहेत, त्यामुळे हे नैसर्गिक संरक्षण आपल्या वाट्याला आलेले नाही.

‘चिकटतो, पण शिरत नाही’ या निरीक्षणात खरी मेख होती. प्रवेश ही एक क्रिया नसून क्रियांची साखळी आहे, असा त्याचा अर्थ होता. तांबडी पेशी साधारण सात-आठ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद असते आणि तिच्यावर चालून येणारा मेरोझॉइट, म्हणजे परजीवीचे रक्तातले रूप, जेमतेम एक-दीड मायक्रॉनचा. तो आधी पेशीला कसाही लगटतो, मग वळून आपले निमुळते टोक तिच्याकडे करतो, आणि त्या टोकाशी दोघांमध्ये एक घट्ट सांधा तयार होतो. १९७८ मध्ये मासामिची आइकावा आणि मिलर यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हा सांधा टिपला. कासाराने हातावर बांगडी चढवावी, तसे हे सांध्याचे कडे परजीवीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकाकडे सरकत जाते आणि परजीवी आत ओढला जातो. सारे काही मिनिटभराच्या आत उरकते. डफी नसलेल्या पेशीवर हा सांधाच जुळत नाही.

डफीला पकडणारे परजीवीचे प्रथिन शोधण्याच्या कामात पुढे डॉ. चेतन चिटणीस सामील झाले. भौतिकशास्त्र शिकून जीवशास्त्राकडे वळलेल्या चिटणीसांनी मिलर यांच्या प्रयोगशाळेत काम करताना, त्या लांबलचक प्रथिनाचा नेमका कोणता भाग डफीला धरतो, हे १९९४ मध्ये दाखवून दिले. हे काम वरवर किरकोळ वाटेल. माझ्या मते साऱ्या कथेतला कळीचा टप्पा हाच आहे, कारण लशीसाठी अख्खे प्रथिन नव्हे, तर हा मोजका तुकडा पुरेसा ठरणार होता. पुढे दिल्लीच्या ‘आयसीजीईबी’ या जनुकीय अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत त्यांनी स्वतःचा गट उभारला. २००४ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०१० मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला. नंतर ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले.

दिल्लीतल्या कामातला एक शोध तपशिलाने सांगण्याजोगा आहे. पकड घेणारी प्रथिने मेरोझॉइटच्या टोकाशी इवल्या पिशव्यांत साठवलेली असतात. ती आधीच बाहेर आली तर शरीराची प्रतिपिंडे त्यांना गाठतील, उशिरा आली तर पेशी हातची जाईल. मग वेळ कशी साधली जाते? तांबड्या पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर असते, तर रक्तद्रवात अगदी कमी. जुनी पेशी फोडून बाहेर पडताच मेरोझॉइटला ही घट जाणवते, त्याच्या आतील कॅल्शियमची पातळी वाढते आणि पहिल्या पिशव्या रित्या होतात. पकड बसली, की कॅल्शियम पुन्हा उतरते, आणि त्या इशाऱ्यावर दुसऱ्या प्रकारच्या पिशव्यांमधला ऐवज बाहेर पडतो. चिटणीस यांच्या गटाने २०१० मध्ये फाल्सिपेरम या अधिक घातक परजीवीमध्ये ही साखळी दाखवली. आयुष्यातला बहुतेक काळ पेशींच्या आड दडणारा हा जीव रक्तात उघड्यावर येतो तो एवढाच वेळ, आणि प्रतिपिंडांना संधी मिळते तीही तेवढीच.

डफीला धरणाऱ्या त्या तुकड्यावर बेतलेल्या लशीची चाचणी ऑक्सफर्डमध्ये झाली. लस घेतलेल्या स्वयंसेवकांना वैद्यकीय देखरेखीखाली व्हायव्हॅक्सचा संसर्ग देण्यात आला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, डोसांमध्ये अधिक अंतर ठेवलेल्या गटात परजीवींच्या वाढीचा वेग सरासरी ५१ टक्क्यांनी घटला. वेग निम्मा होणे म्हणजे संसर्ग टळणे नव्हे, आणि चाचणीतील माणसेही थोडी होती.

शिवाय व्हायव्हॅक्सची एक चाल या लशीच्या कक्षेबाहेर राहते. त्याची काही रूपे यकृतात निपचित पडून राहतात आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागी होऊन रक्तात उतरतात. त्यांना तांबड्या पेशीचे दार रोखून फरक पडत नाही. म्हणूनच ठाण्यातल्या आरोग्य केंद्रात रुग्णाची तपासणी करून डॉक्टर यकृतातल्या या रूपांना मारणाऱ्या प्रायमाक्वीनच्या गोळ्या देतात, तेव्हा ताप दोन-तीन दिवसांत उतरला तरी चौदा दिवसांचा कोर्स पुरा करायला बजावतात.