गळाला लावलेली कोळंबी आणि दोरीला बांधलेला खोटा मासा

पाऊस सरून खाडीचे पाणी निवळू लागले की रत्नागिरीजवळ भाट्याच्या मुखाशी संध्याकाळी गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, येणाऱ्यांची संख्या वाढते आणि त्यांच्याबरोबर एक जुना प्रश्नही येतो: ताजी कोळंबी लावावी की लुअर, म्हणजे कृत्रिम आमिष, वापरावा? विचारणाऱ्याला मासे कशाला जास्त लागतात एवढेच ऐकायचे असते, आणि उत्तर देणारेही "खऱ्यापुढे खोटे टिकत नाही" किंवा "आता सगळे लुअरवरच आले आहे" असे छातीठोकपणे सांगून मोकळे होतात. मला ही दोन्ही उत्तरे सारखीच निरुपयोगी वाटतात. विळी चांगली की पाटा-वरवंटा, असे स्वयंपाकघरात कोणी विचारत नाही, कारण कशाने काय करायचे ते ठाऊक असते. गळाच्या बाबतीत नेमके तेच ठाऊक नसते आणि सगळी गडबड तिथूनच सुरू होते.

ताज्या आमिषाची रीत वाचकाला परिचित असणार असे मी धरून चालतो. कोळंबी, माकुलाची पट्टी, तारलीचा तुकडा किंवा खेकड्याचे अर्धुक गळात ओवायचे, शिसे बांधायचे, पाण्यात सोडायचे आणि दोरीवर बोट ठेवून बसायचे. कृत्रिम आमिषात धातूचा चमचा, लहान माशाच्या आकाराचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा मिनो, पृष्ठभागावर खळबळ करणारा पॉपर, खोल जाणारी जिग आणि रबरासारखी मऊ शेपटी असलेले सॉफ्ट प्लॅस्टिक असे प्रकार येतात. कोळंबीने हाताला वास राहतो आणि लुअरने राहत नाही, कोळंबी रोज विकत घ्यावी लागते आणि लुअर खडकात अडकून तुटेपर्यंत टिकतो, हे फरक खरे असले तरी त्यांच्यावर कोणाचा मासा सुटलेला मी पाहिलेला नाही. म्हणून ते इथेच सोडतो.

मासा सुटतो तो दुसऱ्याच कारणाने. मागच्या हंगामात माझ्या शेजारच्या खडकावर एका तरुणाने चांगला महागातला, 11 सेंटिमीटरचा मिनो लांब फेकला, रॉड दोन दगडांच्या फटीत उभा केला आणि मोबाइल काढून बसला. अर्ध्या तासाने त्याने दोरी गुंडाळली, लुअरला चिकटलेले शेवाळ काढले, पुन्हा फेकला आणि पुन्हा बसला. त्याच वेळी त्याच्या पलीकडचे एक काका ताजी, टपोरी कोळंबी लावून ती पाण्यात पडल्या पडल्या भराभर रील फिरवून ओढून घेत होते आणि दर फेकीगणिक तिचे डोके कुठेतरी गळून पडत होते. सूर्य बुडेपर्यंत दोघांनाही काही लागले नाही आणि जाताना दोघांनीही खाडीत आता मासा राहिला नाही, असा निकाल दिला. एकाने लुअर कोळंबीसारखा वापरला होता आणि दुसऱ्याने कोळंबी लुअरसारखी. दोघांनी नुसत्या जागा बदलल्या असत्या तरी पुष्कळ काही साधले असते.

ताजे आमिष स्वतः जागेवर थांबते आणि माशाला आपल्याकडे बोलावते. लुअर स्वतः माशाकडे जातो आणि त्याला डिवचतो. हे वाक्य ऐकायला सोपे वाटते म्हणून लोक मान डोलावतात आणि पुढच्याच फेकीला विसरतात. त्यामुळे ते जरा उलगडून सांगणे भाग आहे.

कोळंबीच्या मांसात ग्लायसिनसारखी अमिनो आम्ले भरपूर असतात. आपल्याला ताज्या कोळंबीत जो गोडवा लागतो तो बऱ्याच अंशी त्यांचाच असतो. ही द्रव्ये पाण्यात विरघळतात, वाहत्या पाण्याबरोबर खालच्या अंगाला एक लांब पट्टा तयार करतात, आणि तो पट्टा ज्या माशाच्या नाकाशी पोहोचतो तो मासा त्याचा माग काढत उगमाकडे येतो. याचा अर्थ असा की आमिषाचे अर्धे काम पाण्याचा प्रवाह करतो. भरती-ओहोटीच्या सांध्यावर पाणी थबकलेले असताना कोळंबी लावून बसणे म्हणजे दार बंद करून पाहुण्यांना हाका मारण्यासारखे आहे. याचा दुसरा अर्थ असा की आमिष एका जागी राहिले तरच तो पट्टा अखंड राहतो, म्हणून शिसे प्रवाहाला पुरेल इतके जड हवे. उधाणाच्या दिवसांत भांगापेक्षा, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांपेक्षा, जास्त जड. आणि तिसरा अर्थ, ज्याकडे जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात, असा की आमिष संपण्याआधी त्याचा वास संपतो. पाऊण तासाने वर काढलेली कोळंबी गळावर शाबूत असते म्हणून लोक खुशाल तीच पुन्हा फेकतात. ती एकदा हातात घेऊन पाहावी: पांढरी पडलेली, पिळलेल्या बोळ्यासारखी, आणि नाकाशी नेली तर नुसत्या खाऱ्या पाण्याच्या वासाची. वाहत्या पाण्यात मी दर वीस मिनिटांनी कोळंबी बदलतो आणि उरलेली शेजारच्या मांजरांना देतो.

इथे माझा एक जुना राग सांगून टाकतो. "आमिष जितके कुजके तितके चांगले" हा समज कोणी पसरवला ते कळत नाही, पण आदल्या दिवसापासून डिकीत उन्हाने उकडलेली कोळंबी अभिमानाने उघडणारे लोक मी पाहिले आहेत. त्या वासाने खेकडे जमतात, फार तर एखादा शिंगाळा येतो, आणि रावस किंवा तांबोशी हवी असेल तर बाजारात जावे लागते. आपण स्वतः जी कोळंबी आमटीत घालणार नाही ती गळालाही लावू नये, इतका सरळ नियम मी पाळतो. ओवतानाही घाई नको. शेपटीचा पंखा मोडून काढावा, गळ शेपटीकडून आत घालून अंगाच्या बाकाबरोबर फिरवावा, टोक पोटाकडून बाहेर राहू द्यावे आणि कोळंबी गळावर सरळ बसवावी. वाकडी बसलेली कोळंबी प्रवाहात गरगर फिरते आणि दोरीला पीळ घालते.

आता लुअरकडे येऊ. फिनलंडच्या लाउरी रापाला या मच्छीमाराने 1936 मध्ये पहिला लुअर बुचाच्या लाकडातून कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वरून फोटोच्या वितळवलेल्या निगेटिव्हचा थर दिला. त्याने ताडले होते ते असे की मोठा मासा झुंडीतल्या सगळ्या लहान माशांवर झडप घालत नाही. जो अडखळत, डगमगत पोहतो त्याला निवडतो. त्याच्या लाकडी माशाला ना वास होता ना चव, होती ती फक्त जखमी माशाची चाल. आजच्या मिनोच्या तोंडाशी असलेली पारदर्शक जीभ हेच काम करते: ओढताना पाणी तिच्यावर आपटते आणि लुअर डावी-उजवीकडे हेलकावतो. वेग बरोबर असेल तर ही थरथर दोरीतून रॉडच्या टोकापर्यंत येते आणि हातालाही कळते. ती थांबली की लुअरला शेवाळ लागले असे समजावे आणि ती फेक तिथेच सोडून द्यावी, कारण थरथर नसलेला मिनो पाण्यात फिरणारे लाकूड असतो. मधूनच क्षणभर थांबून पुन्हा ओढण्याची युक्ती फार उपयोगी आहे, पण ते थांबणे दमलेल्या माशाच्या चालीतले असावे, चहा पिण्यासाठीचे नसावे.

कोळंबी एका जागेवरून वाट पाहते आणि लुअर तासाभरात खडकाच्या चाळीस कपारी तपासतो, म्हणून मासा कुठे आहे हे माहीत नसेल तर मी आधी लुअरच काढतो. सुरय पक्षी पाण्यावर सूर मारत असतील किंवा बोय मासे घाबरून उड्या मारत असतील तर खाली कोकर माशासारखा वेगवान शिकारी आहे हे उघड असते, आणि अशा वेळी कोळंबी सोलत बसणाऱ्याची मला खरोखर कीव येते. उलट सप्टेंबरात खाडीला दुधाच्या चहासारखा रंग आला असेल तर मी लुअरचा डबा घरीच ठेवतो. गढूळ पाण्यातही मासा अंगावरच्या पार्श्वरेषेने कंपने टिपतो हे खरे आहे, पण ते अगदी जवळून. वासाचा पट्टा कितीतरी लांब जातो. शिंगाळ्याच्या मिशा आणि रावसाच्या कल्ल्यांखालचे लोंबते तंतू गढूळ पाण्यात चाचपत खाण्यासाठीच घडलेले आहेत, आणि अशा माशांसमोर चकाकी मिरवण्यात अर्थ नाही. (शिंगाळा गळावरून सोडवताना पाठीवरच्या आणि कल्ल्यांमागच्या काट्यांपासून बोटे दूर ठेवावीत, ते विषारी असतात.)

हाच फरक मासा लागतो त्या क्षणी सर्वांत महाग पडतो. ताजे आमिष तोंडात घेतल्यावर माशाला ते खरेच अन्न असल्याची खात्री पटते, म्हणून तो ते धरून ठेवतो. पहिली टुकटुक बहुधा काळुंदराची किंवा खेकड्याची असते, तिला दाद न देता दोरी सरळ ओढली जाईपर्यंत थांबावे. सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ, असेल तर हिसका देऊच नये, दोरी नुसती ताणून घ्यावी, म्हणजे गळ घसरत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. लुअरवर मात्र माशाला फसवणूक लगेच कळते आणि तो लुअर थुंकून टाकतो, त्यामुळे धक्का जाणवताच रॉड उचलायला हवा. कोळंबीवर हिसका देणारा माशाच्या तोंडातून घास काढून घेतो, आणि लुअरवर वाट पाहणारा माशाला निघून जायला वेळ देतो. ताज्या आमिषावर फार वेळ थांबले तर साधा गळ पोटात जाण्याचा धोकाही असतो. एक मीटरच्या आसपासचा जिताडा बहुधा मादीच असते, कारण या जातीचे मासे आधी नर असतात आणि मोठे झाल्यावर मादी होतात. अशी मादी परत सोडायची असेल तर गळ जबड्यात असलेला बरा.

राहिला प्रश्न मधल्या जातींच्या आमिषांचा. जिवंत बोय किंवा जिवंत कोळंबी वासही देते आणि हालचालही करते, पण ती हालचाल तिची तिने करायची असते, म्हणून नियम ताज्या आमिषाचेच लागू होतात: बसावे आणि तिला पोहू द्यावे. वास घातलेले सॉफ्ट प्लॅस्टिक मात्र दिसते आमिषासारखे आणि वागते लुअरसारखे. त्याचा वास माशाला ते थोडे जास्त वेळ तोंडात धरायला लावतो, दुरून बोलावण्याइतका त्यात दम नसतो. कडक प्लॅस्टिकच्या मिनोवर माशाचे तेल चोळणाऱ्यांबद्दल न बोललेलेच बरे.

माझा स्वतःचा शिरस्ता भरतीप्रमाणे चालतो. पाणी चढू लागले की खडकाच्या कडेने मिनो फिरवतो, पाणी जोरात वाहू लागले की शिसे बांधून कोळंबी सोडतो, आणि भरती भरून पाणी थबकले की दोन्ही गुंडाळून पुलापलीकडच्या टपरीवर चहा प्यायला जातो.