झाडावर अडकलेला बर्फ जातो कुठे? एका शंभर वर्षं जुन्या वादाची पार्श्वभूमी

पावसात झाडाखाली आडोशाला उभं राहिलेल्या प्रत्येकाला हे माहितीये, पहिली पाच-दहा मिनिटं मस्त कोरडं, मग पानं भरली की टपटप सुरू, आणि पाऊस थांबला तरी झाड आपलं गळतच राहतं. म्हणजे पाणी उशिरा का होईना, बरंचसं खाली येतं. थंड डोंगराळ भागात पावसाऐवजी बर्फ पडतो आणि तिथे हा हिशोब बिघडतो, कारण फांद्यांवर बसलेला बर्फ दिवसच्या दिवस तिथेच बसून राहतो आणि त्यातला काही कधीच जमिनीला लागत नाही. तो किती, आणि जातो कुठे, यावर अमेरिकेत जवळजवळ शंभर वर्षं डोकी फुटायची वेळ आली. नुसता अभ्यासकांचा वाद असता तर कोणी विचारलं नसतं, पण कोलोरॅडोसारख्या राज्यात शेताला आणि नळाला येणारं पाणी मुख्यतः डोंगरावरच्या बर्फाचंच असतं, त्यामुळे झाडं ठेवायची की तोडायची हा थेट पाण्याचा प्रश्न.

आधी एक फांदी जवळून बघू, स्प्रूस नाहीतर फरची, म्हणजे देवदारासारख्या सुईदार पानांच्या झाडाची. सुरुवातीचे कण सुयांमधून निसटतात किंवा आपटून उडतात. मग एखाद-दुसरा सुयांच्या बेचक्यात अडकतो, त्याला पुढचे चिकटतात, दोन सुयांमधल्या फटीवर पूल तयार होतो, आणि मग फांदी भराभर भरते कारण आता बर्फ सुईवर नाही, बर्फावरच पडतोय. शेवटी वजनाने फांदी झुकते, उतार वाढतो, वरचा माल घसरायला लागतो आणि धप्प. तापमान शून्याच्या आसपास असेल तर बर्फ ओलसर आणि चिकट असतो, पण फांद्याही मऊ पडून लवकर वाकतात. कडाक्याच्या थंडीत फांदी ताठ आणि बर्फ रव्यासारखा भुरभुरीत, वारा आला की उडाला. मनालीला देवदाराखाली फोटो काढताना ज्यांच्या मानेवर हा गोळा पडलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

आता इतिहास. गंमत म्हणजे तो सुरू होतो लॅटिन शिकवणाऱ्या एका प्राध्यापकापासून. जेम्स चर्च, नेवाडा विद्यापीठ, रीनो. १८९५ मध्ये भर हिवाळ्यात हा माणूस माउंट रोजवर चढला, साधारण ३,२८५ मीटर, आणि पुढे दहा-अकरा वर्षांनी त्याच डोंगरावर वेधशाळा उभी केली. त्याने खालच्या टोकाला दाते असलेली एक पोकळ नळी बनवली, बर्फात घुसवायची, फिरवायची, आतल्या बर्फासकट बाहेर काढायची आणि वजन करायचं. वजनावरून कळतं की हा बर्फ वितळला तर किती पाणी होईल. नुसती जाडी मोजून ते कळत नाही, भुसभुशीत चार फूट आणि घट्ट चार फूट यात जमीन-अस्मानाचा फरक. बर्फ मोजून उन्हाळ्यातल्या पाण्याचा अंदाज बांधायची पद्धत इथूनच पसरली, आणि ती नळी आजही माउंट रोजच्या नावानेच ओळखली जाते.

पण चर्चला दिसलं ते त्याहून मजेदार होतं. अगदी दाट जंगलात जमिनीवर बर्फ कमी, कारण तो वर शेंड्यांमध्येच अडकून उडून जातोय. उघड्या माळावर वारा झाडून नेतोय आणि ऊन खातंय. सगळ्यात जास्त कुठे, तर जंगलातल्या छोट्या मोकळ्या जागांमध्ये. म्हणून १९१२ च्या सुमारास त्याने मांडलं की बर्फासाठी आदर्श जंगल म्हणजे मधाच्या पोळ्यासारखं, मध्ये मध्ये भोकं असलेलं, आणि भोकाचा आकार झाडाच्या उंचीच्या हिशोबात, म्हणजे ऊन तळापर्यंत पोचणार नाही. माझ्या मते पुढच्या शंभर वर्षांतलं निम्मं काम हे याच एका वाक्यावरचं भाष्य आहे.

त्याच काळात अमेरिकेत जंगलावरून मोठं राजकारण चालू होतं. वनखात्याचं म्हणणं, जंगल असेल तर पूर येत नाहीत आणि नद्या बारमाही राहतात. १९०८ मध्ये हायरम चिटेंडन नावाच्या लष्करी इंजिनिअरने उलट मुद्दा काढला, की जंगलात बर्फ सगळीकडे सारखा पसरतो आणि एकदम वितळतो, उघड्यावर मात्र वाऱ्याने मोठमोठे ढीग होतात आणि ते उशिरापर्यंत टिकतात. १९१० मध्ये हवामान खात्याच्या प्रमुखानेही जंगलाचा पुराशी संबंध नाही असा अहवाल दिला. दोन सरकारी खाती समोरासमोर, आणि गंमत अशी की दोघांकडे मोजमाप जवळजवळ नाहीच.

मग दोन्ही खात्यांनी मिळून मोजायचंच ठरवलं. जागा कोलोरॅडोत, रिओ ग्रान्डे नदीच्या वरच्या अंगाला, वॅगन व्हील गॅप. शेजारशेजारचे दोन छोटे ओढे घेतले, १९१० पासून नऊ वर्षं कशालाही हात न लावता नुसतं मोजलं, १९१९ मध्ये एका पाणलोटातली झाडं तोडली आणि १९२६ पर्यंत परत मोजलं. तोडलेल्या बाजूचं पाणी वर्षाला साधारण एक इंचाने वाढलं. आता हे का वाढलं? झाडं उन्हाळ्यात पाणी पीत नाहीत म्हणून, की हिवाळ्यात बर्फ अडवत नाहीत म्हणून? ते या प्रयोगातून सुटं करता येत नव्हतं.

खरी झुंज झाली ती १९३७ मध्ये सुरू झालेल्या फ्रेझर प्रायोगिक जंगलात, हेही कोलोरॅडोतच. आधी लॉजपोल पाइन या सूचिपर्णी झाडाच्या जंगलातल्या छोट्या तुकड्यांवर कमी-जास्त तोड करून बघितली, जास्त तोड तिथे जमिनीवर बर्फ जास्त, म्हणून १९४८ च्या अहवालात निष्कर्ष निघाला की झाडावर अडकलेला बर्फ वाया जातो. मग १९५० च्या दशकात फूल क्रीक नावाच्या २८९ हेक्टरच्या पाणलोटात पट्टे पाडून ४० टक्के भाग मोकळा केला. पाणी तब्बल ४० टक्क्यांच्या आसपास वाढलं, पण पूर्ण पाणलोटातला बर्फ मोजला तर एकूण बेरीज वाढल्यासारखी दिसेना! म्हणून १९६० च्या दशकात मत फिरलं, की वाया काही जात नाही, वारा झाडांवरचा बर्फ उचलून मोकळ्या पट्ट्यात नेऊन टाकतो, नुसती वाटणी बदलते, या खिशातलं त्या खिशात. हे मत वीसेक वर्षं चाललं. १९८५ मध्ये तीस वर्षांचे आकडे एकत्र मांडले तेव्हा कळलं की बर्फ वाढला होता, साधारण ९ टक्के, फक्त तो दिसायला आधीची नोंद फार तोकडी होती.

दरम्यान बाकीच्यांनी झाडंच तोलायला घेतली. आयडाहोत १९६० च्या दशकात सॅटरलंड आणि हॉप्ट यांनी कापलेली छोटी झाडं काट्यावर ठेवून वादळागणिक वजन घेतलं. फांदी आधी हळू, मग भराभर, मग परत हळू भरते हे त्यांच्याच आकड्यांत दिसलं, पण त्यांच्याकडे अडकलेला बहुतेक बर्फ शेवटी गळून किंवा घसरून खालीच आला. १९९० च्या दशकात कॅनडाच्या सॅस्कॅचेवानमध्ये हेडस्ट्रॉम आणि पोमेरॉय यांनी अख्खं स्प्रूस लोड सेलला, म्हणजे वजन मोजणाऱ्या विजेच्या काट्याला, टांगलं, आणि उत्तर बरोबर उलटं. तिथल्या थंड, कोरड्या जंगलात वर्षभराच्या बर्फापैकी ३० ते ४५ टक्के फांद्यांवरूनच थेट वाफ होऊन जातो. वितळणं नाही, पाणी नाही, कापराची वडी नाहीतर कपाटातली डांबरगोळी जशी हळूहळू नाहीशी होते तसं, शाळेतलं संप्लवन. जमिनीवरच्या थराला हवा लागते फक्त वरून, झाडावरच्या बर्फाला चारही बाजूंनी, म्हणून तो इतक्या वेगाने उडतो.

मग चूक कोण? कोणीच नाही. ओलसर, बऱ्यापैकी उबदार हिवाळ्यात बर्फ झाडावरून गळतो, कोरड्या थंडीत उडतो. २०१३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जेसिका लुंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी जगभरची मोजमापं एकत्र केली. डिसेंबर ते फेब्रुवारीचं सरासरी तापमान उणे १ अंशाच्या वर असेल तिथे जंगलातला बर्फ शेजारच्या उघड्या जागेपेक्षा एक-दोन आठवडे आधी संपतो, त्याहून थंड जागी झाडांची सावली आणि आडोसा उपयोगी पडतो.

आणि अलीकडे निसर्गानेच एक प्रयोग करून टाकला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पाइन बीटल या किड्याने कोलोरॅडो-वायोमिंगमधली लॉजपोल जंगलं मारली, सुया लाल पडल्या, मग गळल्या, करड्या काठ्या उरल्या. फूल क्रीकचा अनुभव धरून लोकांनी अंदाज केला की आता नद्यांना पाणी वाढणार, अडवायला सुयाच नाहीत. मोजलं तेव्हा बहुतेक पाणलोटांत तशी वाढ सापडलीच नाही. फांद्यांवर अडकणं कमी झालं होतं हे खरं, पण वर सुया नाहीत म्हटल्यावर ऊन आणि वारा खालच्या बर्फापर्यंत पोचला, आणि आधी जो फांद्यांवरून उडायचा तो आता जमिनीवरूनच उडत होता.