कॅरल हचिन्स: १,७०७ विजयांआधीचा एक खटला

ऑगस्ट २०२२मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल प्रशिक्षक कॅरल हचिन्स निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्या खात्यावर १,७०७ विजय होते. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन सॉफ्टबॉलमध्ये तोवर कुठल्याच प्रशिक्षकाला एवढे सामने जिंकता आले नव्हते. बातम्यांत हा आकडाच झळकला, ते साहजिकही होतं. पण ही कारकीर्द समजून घ्यायची तर एका खटल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि तो खटला होता बास्केटबॉलचा.

हचिन्स मूळच्या मिशिगन राज्यातल्या लॅन्सिंगच्या. शेजारच्याच मिशिगन स्टेट विद्यापीठात शिकताना त्या दोन्ही खेळ खेळायच्या. सॉफ्टबॉलमध्ये त्या शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षक, होत्या आणि १९७६ साली त्यांच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपदही मिळवलं. त्या काळी महिलांच्या स्पर्धा एआयएडब्ल्यू नावाची वेगळी संघटना भरवायची. पुरुषांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या बलाढ्य एनसीएएची पहिली महिला सॉफ्टबॉल स्पर्धा व्हायला १९८२ उजाडलं.

दरम्यान २३ जून १९७२ रोजी ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला होता. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढंच तो सांगतो. गंमत म्हणजे मूळ तरतुदीत खेळाचा उल्लेखही नाही. खेळांबाबतचे नियम आले १९७५मध्ये, आणि ते अंगवळणी पाडायला विद्यापीठांना जुलै १९७८पर्यंत सवलत मिळाली. तेवढ्यात पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉलचं उत्पन्न बुडेल अशी ओरड झाली, आणि १९७६ साली खुद्द एनसीएएने या नियमांविरुद्ध कोर्टात धाव घेतली.

सवलतीची मुदत संपली आणि पुढच्याच हंगामात, १९७९मध्ये, हचिन्स आणि त्यांच्या बास्केटबॉल संघातल्या मुलींनी आपल्याच विद्यापीठावर दावा लावला. त्याच वर्षी बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनच्या जोरावर त्या विद्यापीठाचा पुरुष संघ राष्ट्रीय विजेता ठरत होता. बाहेरगावी गेल्यावर मुलगे एका खोलीत दोघं राहायचे, मुली चौघी. जेवणाचा भत्ताही मुलींना कमी. कोर्टाने तात्पुरता आदेश देऊन राहण्या-खाण्याचा खर्च दोन्ही संघांना सारखा करायला लावला. मूळ दावा मात्र रेंगाळला. ‘हचिन्स विरुद्ध मिशिगन स्टेट विद्यापीठाचं विश्वस्त मंडळ’ या प्रकरणातला एक निकाल थेट १९८४चा आहे, म्हणजे वादी मुलगी शिकून, पदव्युत्तर पदवी घेऊन, स्वतः प्रशिक्षक झाल्यानंतरचा. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्रोव्ह सिटी’ खटल्यात टायटल नाइनचे दात बरेचसे काढून घेतले. ते परत बसवायला अमेरिकी संसदेला १९८८मध्ये नवा कायदा करावा लागला.

इंडियाना विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण, फेरिस स्टेटमध्ये १९८२चा एक हंगाम, मग मिशिगन विद्यापीठात दोन वर्षं सहायक, असा त्यांचा प्रवास झाला आणि १९८५च्या हंगामापासून मुख्य प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आलं. ज्या क्रीडा खात्यात त्या रुजू झाल्या, त्याचे प्रमुख होते डॉन कॅनहॅम, टायटल नाइनचे देशातले नावाजलेले विरोधक. खेळाडू असताना विद्यापीठाला कोर्टात खेचणारी मुलगी त्याच राज्यातल्या प्रतिस्पर्धी विद्यापीठात, तेही कॅनहॅम यांच्या हाताखाली, कामाला लागते, हे मला या कारकिर्दीतलं सगळ्यात बोलकं वळण वाटतं.

मैदानावरची अडचण वेगळीच होती: बर्फ. हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि तेव्हा मिशिगनमध्ये मोकळ्यावर खेळता येत नाही. पहिले आठवडे संघ दक्षिणेत आणि पश्चिमेत उन्हाच्या राज्यांत फिरत राहतो. वर्षभर बाहेर सराव करता येणाऱ्या कॅलिफोर्निया-ॲरिझोनाच्या संघांचं या खेळावर राज्य होतं, यात नवल नाही. १९८२पासून २००४पर्यंत एनसीएएचं एकही विजेतेपद मिसिसिपी नदीच्या पूर्वेला आलं नव्हतं.

ते आलं २००५मध्ये. अंतिम फेरी तीन सामन्यांची करण्याचं ते पहिलंच वर्ष होतं, आणि समोर होता यूसीएलएचा संघ. पहिला सामना मिशिगन हरलं, दुसरा जिंकलं. तिसरा ठरलेल्या सात डावांत संपेना आणि दहाव्या डावापर्यंत लांबला. तिथे पहिल्याच वर्षात शिकणाऱ्या समँथा फिंडलेने चेंडू मैदानाबाहेर टोलवून तीन धावांचा होमरन मारला. निकाल ४-१. २०१५मध्ये पुन्हा अंतिम फेरी गाठली, पण फ्लोरिडाने तिसऱ्या सामन्यात हरवलं. हचिन्स यांचं राष्ट्रीय विजेतेपद ते एकच. ओक्लाहोमाच्या पॅटी गॅसो यांची २०२४पर्यंत आठ झाली. केवळ चषक मोजायचे तर ही तुलना हचिन्स यांना महागात पडते. पण त्यांच्या ३८ हंगामांत एकदाही विजयांपेक्षा पराभव जास्त झाले नाहीत, हेही मोजायला हवं.

टायटल नाइन कायद्याची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. १९७२मध्ये महाविद्यालयांतल्या दहापैकी नऊ महिला संघांच्या प्रशिक्षक महिलाच होत्या. बहुतेक जणी शारीरिक शिक्षण शिकवायच्या आणि संघ सांभाळण्याचे त्यांना फारसे पैसे मिळत नसत. कायद्यामुळे या कामाला पगार आणि मान आला, आणि मग पुरुषही अर्ज करू लागले. पुढे महिला प्रशिक्षकांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली गेलं. हचिन्स याबद्दल जाहीरपणे बोलत आल्या. २०२२च्या फेब्रुवारीत त्यांनी मागे टाकलेला १,६७४ विजयांचा विक्रमही ॲरिझोनाच्या माइक कँड्रिया यांचा होता, आणि कँड्रिया प्रशिक्षक म्हणून मोठेच. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेला सुवर्ण मिळालं ते त्यांच्याच मार्गदर्शनाखाली.

हचिन्स यांच्या जागी बॉनी थॉल आल्या. त्या विद्यार्थिनी असताना हचिन्स यांच्याच संघातून खेळल्या होत्या आणि १९९०च्या दशकापासून त्यांच्या सहायक होत्या.