‘बायल्या’ म्हणून चिडवल्यानं पोरं सुधरत नाहीत

जळगाव-धुळ्याकडे अजून ऐकू येतं: पोराला पोरगा किंवा पोरीला पोरगी आवडणं हा मनाचा आजार, म्हणूनच अशी मुलं उदास असतात; वर्गात चार टोमणे बसले की सुधरतील. सगळं उलटं. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता १९९० मध्येच आजारांच्या यादीतून काढली. या मुलांत नैराश्य, आत्महत्येचे विचार जास्त आढळतात हे खरं. पण त्यात मोठा वाटा छळाचा, लपून जगण्याच्या ताणाचा आणि घरच्यांच्या नकाराचा. (टोमणे मारणारे गुरुजीही असतात, हे बोलायला हवं.) भगताकडे नेऊन काही होत नाही. ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरचं वागणं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये गैरवर्तन ठरवलंय. पोरगं गप्पगप्प झालं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट लागतो, मराठीतही.