मास्टर सिलिंडर: बाहेरची गळती आणि आतली गळती

ब्रेकचे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग म्हणजे मास्टर सिलिंडर. ‘मास्टर सिलिंडर लीक आहे’ असे म्हणताना दोन वेगळे बिघाड एकाच नावाखाली येतात आणि त्यांतला अधिक फसवा बिघाड असा की, त्यात ब्रेक ऑइलचा एक थेंबही जमिनीवर पडत नाही.

बाहेरच्या गळतीत पिस्टनच्या मागच्या टोकाचे रबरी सील निकामी होते. तेल पेडलच्या दांड्यावर किंवा सिलिंडर आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) यांच्या सांध्यात उतरते, टाकीतली पातळी घटते आणि सिलिंडरखालचा रंग सुटू लागतो. बूस्टरच्या आत साचलेले तेल मात्र सिलिंडरचे नट काढून तो थोडा पुढे ओढल्याशिवाय दिसत नाही. ब्रेक पॅड झिजले तरी पातळी उतरते. म्हणून केवळ तेवढ्यावरून सिलिंडरला दोष देऊ नये.

आतल्या गळतीत दाबाखालचे तेल पिस्टनवरच्या रबरी कपाला (वाटीच्या आकाराच्या सीलला) चुकवून मागे सरकते. पातळी तशीच राहते, सगळे कोरडे दिसते आणि तरीही पाय ठेवलेला असताना पेडल हळूहळू खाली बसत जाते. तपासताना अनेक जण पेडल जोरात दाबतात. पण जोराच्या दाबाने कपाची कड भिंतीला घट्ट बसून दोष लपू शकतो. इंजिन सुरू ठेवून हलका, स्थिर दाब अर्धा मिनिट धरावा. इंजिन सुरू होताना पेडल किंचित खाली जाते, तो बूस्टरचा परिणाम असतो. पेडल स्पंजासारखे लागत असेल, तर आधी ब्रेक ऑइलच्या लाइनमधल्या (नळ्यांमधल्या) हवेचा संशय घ्यावा.

दोन्ही बिघाडांत सील बदलण्याचे किट चालू शकते, परंतु सिलिंडरची आतली भिंत गुळगुळीत असेल तरच. तिच्यावर गंजाचे खड्डे किंवा ओरखडे असतील, तर नवे रबरही लवकरच कापले जाईल, म्हणून पूर्ण सिलिंडर बदलणेच योग्य. भाग पेट्रोलने वा रॉकेलने धुऊ नयेत, कारण खनिज तेलाने ही रबरे फुगतात.

जुन्या गाडीत ब्रेकच्या लाइनमधली हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबणेही घातक ठरू शकते: एरवी न वापरल्या जाणाऱ्या, गंजलेल्या भागावरून कप घासला जातो आणि धडधाकट सिलिंडरलाही आतली गळती लागते. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला, तर हे टळते.