चौदा पाय आणि एक कोरी चिठ्ठी

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाजवळ २०१७ साली आमिष लावलेला एक सापळा समुद्रात सोडला होता. सहाशे ते आठशे मीटर खोलीवर तो ठेवलेला. वर ओढला तेव्हा त्यात सुमारे सव्वीस सेंटिमीटर लांबीचा, चौदा पायांचा, चिलखत घातल्यासारखा एक प्राणी बसलेला होता. त्याला ओळखणं अवघड नव्हतं. त्या भागातला असा प्राणी म्हणजे 'बॅथिनोमस जायगँटियस', हे शंभराहून अधिक वर्षं सगळ्यांना माहीत होतं. त्याची रवानगी जपानच्या एनोशिमा मत्स्यालयात झाली.

२०२२ मध्ये शोधनिबंध आला आणि कळलं की हा जायगँटियस नव्हेच. त्याचं अंग थोडं सडपातळ, पाय बारीक, रंग जरा पिवळटसर. शेपटीच्या टोकावरचे काटे मात्र दोघांचे सारखेच, आणि फसगत तिथेच झाली होती. डीएनए तपासल्यावर उरलीसुरली शंका फिटली. त्याला 'बॅथिनोमस युकातानेन्सिस' हे नाव मिळालं.

म्हणजे नवी जाती सापडली कधी? सापळा वर आला तेव्हा, की निबंध छापला गेला तेव्हा? बातम्यांमध्ये शोध नेहमी जहाजावर लागतो: लाटा, जाळं आणि आश्चर्याने विस्फारलेले डोळे. माझ्या मते तो लागतो टेबलावर, दिव्याखाली, एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात जुना कागद धरून बसलेल्या माणसाला. आधी प्राणी नुसता मिळालेला असतो.

(शब्दांचा एक घोळ आधीच निस्तरतो. विश्वकोशाच्या मराठीत 'जाती' म्हणजे स्पीशीज आणि 'प्रजाती' म्हणजे जीनस. वर्तमानपत्रांनी हे नेमकं उलटं करून टाकलंय. इथे मी विश्वकोशाच्या बाजूने आहे.)

हे प्राणी आयसोपॉड गणातले, म्हणजे 'सारख्या पायांचे'. कोळंबी आणि खेकड्यांचे नातेवाईक. पाठीवर एकावर एक चढलेल्या पट्ट्या आणि खाली पायांच्या सात जोड्या. ओलसर जागची कुंडी किंवा दगड उचलला की खाली राखाडी किडे लगबगीने पळतात आणि त्यांतले काही हात लावताच गोळी होऊन बसतात, तेही आयसोपॉडच. या गणात दहा हजारांहून अधिक जाती आहेत. जमिनीवर, गोड्या पाण्यात, समुद्रात, माशांच्या कल्ल्यांत, सगळीकडे. बॅथिनोमस हा त्या कुंडीखालच्या किड्याचा अवाढव्य चुलतभाऊ. श्वास मात्र तो पोटाखालच्या पानांसारख्या उपांगांनी पाण्यातून घेतो.

पहिला बॅथिनोमस नोंदला गेला तो १८७९ साली. 'ब्लेक' या अमेरिकी सर्वेक्षण जहाजाने अलेक्झांडर अगासीझ यांच्या देखरेखीखाली मेक्सिकोच्या आखातात जाळं ओढलं होतं. त्यात आलेला एक अल्पवयीन नर पॅरिसला प्राणिशास्त्रज्ञ आल्फाँस मिल्न-एडवर्ड्झ यांच्याकडे गेला आणि त्यांनी त्याचं वर्णन केलं. निसर्गशास्त्रज्ञ एडवर्ड फोर्ब्झ यांनी १८४३ मध्ये मांडलं होतं की साधारण साडेपाचशे मीटरच्या खाली जीवसृष्टी नसावी. ब्लेकच्या काळापर्यंत ती कल्पना खिळखिळी झालीच होती. हा एवढा मोठा कवचधारी तिला लागलेला आणखी एक धक्का.

इतक्या खाली हा खातो काय? वरून जे पडेल ते. २०१९ मध्ये क्रेग मॅक्लेन आणि क्लिफ्टन नननली यांच्या चमूने मेक्सिकोच्या आखातात सुमारे दोन किलोमीटर खोल मेलेल्या मगरी सोडल्या. दिवसभराच्या आत बॅथिनोमस हजर झाले आणि जाड कातडं फोडून आत शिरले. उलट टोक बघायचं तर जपानच्या तोबा मत्स्यालयातला 'नंबर एक' जानेवारी २००९ मध्ये एक मासा खाऊन जो थांबला, तो फेब्रुवारी २०१४ मध्ये मरेपर्यंत जेवलाच नाही. पाच वर्षं! मिळेल तेव्हा तुडुंब आणि नाही मिळालं तर उपास, असा हा संसार. संशोधकांच्या दृष्टीने त्यातली सोयीची गोष्ट अशी की आमिष लावलं की हे आपण होऊन येतात. गैरसोयीची गोष्ट अशी की आमिषाला न भुलणारे सगळे सापळ्याबाहेर राहतात.

आणि असे अगणित आहेत. खोल समुद्रातले बहुसंख्य आयसोपॉड काही मिलिमीटरचे असतात. ते चिखलाच्या वरच्या थरात राहतात. त्यांच्यासाठी तळावरून घसरत जाणारी, जाळी लावलेली घसरगाडी ओढावी लागते. ती वर येते तेव्हा आत गाळाचा लगदा असतो. तो थंड पाण्यात अलगद धुवायचा, चाळायचा आणि लगेच थंड अल्कोहोलमध्ये बुडवायचा. खाली दोन-तीन अंश तापमानात राहणाऱ्या प्राण्याला पृष्ठभागावरच्या उबेत ठेवलं तर त्याचा डीएनए भराभर तुटायला लागतो. पूर्वी नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवत. आकार सुंदर टिकायचा, डीएनएची मात्र वाट लागायची. म्हणून जुन्या बरण्यांतले कित्येक प्राणी आज बघता येतात, पण त्यांना जनुकांबद्दल काही विचारता येत नाही.

मग येतं टेबल. छोट्या आयसोपॉडचे लांब पाय आणि शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) धुण्याचाळण्यातच मोडून गेलेल्या असतात. पाय इथे आणि धड तिथे, तर कधी पाय नाहीतच. उरलेल्यातून मुखांगं एकेक करून सुईने सुटी करायची आणि काचपट्टीवर मांडायची. शक्यतो एकाच बाजूची सोडवतात, दुसरी बाजू पुढच्या माणसाला तपासायला शाबूत ठेवतात. ही मला या धंद्यातली सर्वांत सभ्य चाल वाटते. मग प्रत्येक उपांगाचं चित्र. इथे फोटोपेक्षा रेघ अजूनही वरचढ ठरते, कारण पारदर्शक पायावरचे केस कॅमेऱ्याला एकाच वेळी सगळे स्पष्ट दिसत नाहीत. चित्र काढणारा माणूस भिंग वरखाली करत प्रत्येक केस मोजतो आणि कुठे किती ते ठरवतो. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या आरशातून प्रतिमा कागदावर पाडून पेन्सिल फिरवण्याची जुनी पद्धत आजही चालते. नंतरची शाई आता बऱ्याचदा संगणकावर चढते.

केस मोजायचे कशाला? कारण नवी जाती हा एक दावा असतो, आणि दावा तुलनेवर उभा राहतो. त्या प्रजातीतल्या आजवर नोंदलेल्या एकूण एक जातीपेक्षा हा प्राणी वेगळा आहे, हे दाखवावं लागतं. त्यासाठी जुनी वर्णनं काढायची. एखादं दीडशे वर्षांपूर्वीचं, फ्रेंचमध्ये, दोन चित्रांवर भागवलेलं. त्यातून निभाव लागला नाही तर मूळ नमुना ज्या संग्रहालयात असेल तिथे जायचं किंवा तो मागवायचा.

त्यात या गणाच्या स्वतःच्या खोड्या आहेत. नर आणि मादी कधीकधी इतके वेगळे दिसतात की त्यांना दोन जाती समजण्याची चूक सहज होते. मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत सांभाळते, आणि पिशवीतून बाहेर पडलेल्या पिल्लाला पायांची शेवटची जोडी नसतेच. म्हणजे चौदा पायांच्या गणातलं पिल्लू बारा पायांचं! कात टाकण्याची तऱ्हाही निराळी: आधी मागचा अर्धा भाग, काही काळाने पुढचा. नेमका त्या मधल्या काळात पकडला गेलेला प्राणी पुढून जुना आणि मागून नवा असतो. मापं घेणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर त्याचा एक सुरेख, पण चुकीचा निबंध लिहून होईल.

डीएनएने बरंच सोपं केलं. मायटोकाँड्रियातल्या एका जनुकाचा साडेसहाशेच्या आसपास अक्षरांचा तुकडा वाचला की दोन नमुन्यांमधलं अंतर कळतं. पिल्लू कोणाचं आणि मादी कोणाची, याचे तंटे त्यावर मिटतात. पण किती अंतर पडलं की जाती वेगळी मानायची, हे तो तुकडा सांगत नाही. ते शेवटी माणूसच ठरवतो, आणि म्हणूनच चित्रं सुटलेली नाहीत.

इतकं झाल्यावर नमुन्यांपैकी एक निवडायचा आणि जाहीर करायचं की हे नाव कायमचं या एका देहाला बांधलेलं आहे. तो होलोटाइप. उद्या कुणी सिद्ध केलं की त्या बरणीत मुळात दोन जाती मिसळल्या होत्या, तर नाव होलोटाइपबरोबर जातं आणि उरलेल्यांना नवं शोधावं लागतं. १९९९ नंतरच्या नावांसाठी होलोटाइप (किंवा त्याऐवजी नमुन्यांचा संच) ठरवणं आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हे लिहिणं, दोन्ही सक्तीचं आहे.

जुन्या नावांचं काय होतं, ते हिंदी महासागराच्या उदाहरणात दिसतं. 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या उपसागरात मोठे बॅथिनोमस मिळाले. त्यांनाही जायगँटियसच म्हटलं गेलं, आणि पुढे कितीतरी वर्षं तेच चाललं. २००६ मध्ये लोरी आणि डेम्प्सी यांनी हिंदी आणि पश्चिम प्रशांत महासागरातले बॅथिनोमस नव्याने तपासले, तेव्हा इकडच्या प्राण्याला 'बॅथिनोमस किएब्लाय' हे स्वतःचं नाव मिळालं. शतकभर तो परक्या नावाने वावरला.

नाव ठेवण्याचा भाग मात्र मौजेचा. नियम कडक आहेत: दोन शब्द, रोमन लिपी, आधी कुणी वापरलेलं नको. त्यांच्या आत मोकळीक भरपूर. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ विल्यम लीच यांनी १८१८ मध्ये आयसोपॉडांच्या प्रजातींना सिरोलाना, नेरोसिला, अनिलोक्रा, रोसिनेला अशी नावं दिली. रोमन अक्षरं नीट पाहिली तर ही सगळी 'कॅरोलिना' आणि 'कॅरोलाइन' या नावांची उलटापालट आहे. ही बाई कोण, ते लीच यांनी लिहून ठेवलं नाही. बॅथिनोमस ज्या कुलात मोडतो त्या कुलाचं नाव मात्र सिरोलानावरून पडलं, म्हणजे तिच्याच अक्षरांत लिहिलेलं आहे.

अलीकडचे लोकही मागे नाहीत. प्रशांत महासागरात चार-पाच हजार मीटर खोल, धातूंच्या गोट्यांमध्ये राहणाऱ्या साडेसहा मिलिमीटरच्या आंधळ्या आयसोपॉडला २०२० मध्ये मेटॅलिका या बँडवरून 'मॅक्रोस्टायलिस मेटॅलिकोला' म्हटलं गेलं. कोल्लमजवळच्या अरबी समुद्रातल्या, खोल पाण्यातल्या माशाच्या कल्ल्यांत राहणाऱ्या परजीवीला केरळ विद्यापीठाच्या संशोधकांनी 'ब्रूसथोआ इस्रो' हे नाव दिलं. व्हिएतनाममध्ये मच्छीमारांकडून घेतलेल्या, किलोपेक्षा जास्त वजनाच्या बॅथिनोमसचं डोकं 'स्टार वॉर्स' चित्रपटांतल्या डार्थ व्हेडरच्या शिरस्त्राणासारखं दिसलं, म्हणून २०२५ मध्ये तो 'व्हेडेरी' झाला. तिथे तो शास्त्राला कळण्याआधीच खाण्यासाठी विकला जात होता.

या गमतींमुळे एक गैरसमज होतो, की नाव दिलं की काम संपलं आणि कामही फारसं उरलेलं नाही. आकडे वेगळं बोलतात. २००२ ते २००५ या काळात अंजेलिका ब्रांट आणि सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकाजवळच्या खोल समुद्रातून आयसोपॉडांच्या ६७४ जाती वेगळ्या काढल्या. त्यांतल्या ५८५ शास्त्राला नव्या होत्या. हवाई आणि मेक्सिको यांच्यामधल्या ज्या पट्ट्यात धातूंच्या गोट्यांसाठी खाणकामाचे बेत चालू आहेत, तिथल्या ५,५७८ जातींपैकी सुमारे नऊ-दशांश जातींचं वर्णन झालेलं नाही, असा हिशेब २०२३ मध्ये मांडला गेला. ज्याला नाव नाही त्याची नोंद कोणत्याही संरक्षण यादीत सहजासहजी होत नाही. आणि गोळा केलेला नमुना वर्णन होईपर्यंत बरणीत किती काळ थांबतो? २०१२ च्या एका अभ्यासाने सर्व प्रकारच्या सजीवांसाठी काढलेली सरासरी आहे २१ वर्षं. मोजणारी माणसं कमी, बरण्या जास्त.

त्या मानाने 'बॅथिनोमस राक्षस'चं भाग्य थोर. हे नाव आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. इंडोनेशियाच्या भाषेत संस्कृतातून गेलेला 'राक्सासा' हा शब्द 'अवाढव्य' या अर्थाने रुळला आहे. २०१८ मध्ये जावाच्या दक्षिणेला चौदा दिवसांची एक मोहीम झाली. साडेनऊशे ते साडेबाराशे मीटर खोलीवरून तिला दोन मोठे बॅथिनोमस मिळाले: ३६ सेंटिमीटरचा नर आणि जवळपास ३० सेंटिमीटरची मादी. कोनी सिदाबालोक, हेलन वाँग आणि पीटर ङ यांनी शेपटीचे काटे मोजले, तोंडावरच्या पट्टीचं टोक तपासलं, शेजारच्या जातींशी ताडून पाहिलं, आणि २०२० मध्ये वर्णन छापलं. फक्त दोन वर्षं लागली.

त्याच निबंधात, राक्षसाच्या वर्णनापाशी, बॅथिनोमसच्या काही पिल्लांचाही उल्लेख आहे. ती राक्षसाची असतील, नसतील. जातीची खूण पटेल असं काही त्यांच्या अंगावर अजून उमटलेलं नव्हतं. त्यामुळे लेखकांनी त्यांना प्रजातीपर्यंत आणून सोडलं. 'बॅथिनोमस' एवढंच लिहिलं, आणि पुढचा शब्द कोरा ठेवला.